भयकथेचं बीज कुठे सापडतं

म्हाताऱ्या माणसांकडे भुताची गोष्ट मागू नका. मागितली की दहादा सांगून गुळगुळीत झालेलीच मिळते. मी आजीला एवढंच विचारलं होतं, "रात्री कुठल्या वाटेनं जायची नाहीस?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मांगराकडच्या." म्हणजे शेतातल्या खोपटाकडच्या. माझी पहिली बरी कथा त्या गप्प राहण्यातून आली.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या देवळात जा. तिथे नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला ठेवलेल्या असतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. देवाला कथेत ओढू नका, ते मला पटत नाही. पण कोणी वापरत नसताना झिजणारी वस्तू आपल्या घरात कुठली, हे शोधा. मला जिन्याची तिसरी पायरी सापडली.

ओळखीचं भूत घेतलंत, तर आधी त्याच्या घरी जा. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा. पिंपळ नंतर बघू. त्याच्या आईनं त्याची लंगोटी कुठे जपून ठेवली असेल? तिथून सुरुवात करा.

शिवाय एक वही ठेवा, फक्त मनाईंची: तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत, रात्री नखं कापू नयेत, शीळ घालू नये. कारणं लिहू नका. पावसाळ्यात लाइट गेली की त्यातली एक मनाई निवडा आणि ती मोडणारं माणूस लिहायला घ्या.