दसऱ्याला मेथी पेरू नका

नाशिकला आमच्या परसात मेथी-पालक पेरायचे ते पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे. न्यू जर्सीत पहिल्या वर्षी तोच हिशेब धरून मी ऑक्टोबरच्या मध्यावर वाफा केला. मेथी उगवली, दोन इंच झाली आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, तेवढीच राहिली. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बी जुनं असेल."

बी चांगलं होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून इथे दिवस दहा तासांच्याही खाली जातो आणि पालेभाजीची वाढ जवळजवळ थांबते. भाजी त्याआधीच मोठी झालेली हवी. मग थंडीत ती नुसती उभी राहते, आपण लागेल तशी खुडायची.

म्हणून फॉलची, म्हणजे इथल्या शरदातली, बाग उलटी मोजायची. मध्य जर्सीत पहिला फ्रॉस्ट, म्हणजे रोपं करपवणारं गोठलेलं दव, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पडतो. 20 तारीख धरा. बियांच्या पाकिटावर लिहिलेले तयार व्हायचे दिवस घ्या, ऊन कमी होत जातं म्हणून त्यात 14 मिळवा आणि तेवढे मागे या. मुळा 30 दिवसांचा असेल तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. गाजर 70 दिवसांचं, म्हणजे जुलैअखेर! टोमॅटो नुकते लाल होत असतात आणि आपल्याला गाजरासाठी जागा करायची असते. थोडक्यात, तिकडची दसऱ्याची पेरणी इथे श्रावणातच उरकायची.

खरा त्रास ऑगस्टच्या उन्हाचा. तापलेल्या मातीत पालक उगवतच नाही. मी पेरून झालं की पाणी देते, वर ओलं गोणपाट टाकते आणि रोज सकाळी उचलून बघते. पहिला कोंब दिसला की गोणपाट काढायचं. एक दिवस विसरलात तर रोपं पिवळी, लांबुडकी होतात.

बाकी काही नाही तरी कोथिंबिरीसाठी फॉल कराच. मे महिन्यात पेरलेली बघता बघता फुलावर येते. ऑगस्टअखेर पेरलेली मात्र कितीतरी आठवडे पानं देते आणि हलका फ्रॉस्टही सोसते. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कोबी-फ्लॉवरची रोपं नर्सरीतून आणली तरी चालतात, फक्त जाळी लावणीच्या दिवशीच घाला. पांढरी फुलपाखरं दिसल्यावर घातलीत तर अंडी आत आणि आपण बाहेर. कुंपणाचंही तेच. दुसऱ्या वर्षी माझा अख्खा वाफा ग्राउंडहॉगने, म्हणजे इथल्या एका मोठ्या खारीच्या जातीच्या प्राण्याने, एका दुपारी साफ केला. तो बिळं करतो, त्यामुळे नुसती उंच जाळी पुरत नाही, खालचा फूटभर भाग मातीत गाडावा लागतो.

आणि दसऱ्याला हात शिवशिवलेच तर लसूण लावा. त्याची वेळ तीच, ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात. नर्सरीतला हार्डनेक, म्हणजे मधे कडक दांडा असलेला लसूण, घ्या. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, सहा इंच अंतरावर, वर पेंढ्याचा जाड थर. बर्फाखाली तो निवांत असतो, मार्चमध्ये पेंढ्यातून हिरवी टोकं निघतात, जुलैत काढणी. त्यातले सगळ्यांत मोठे चार गड्डे मी फोडणीला देत नाही. ते पुढच्या दसऱ्याचे.