मराठी कॉमिक पट्टी: आधी अक्षरं, मग फुगा

कॉमिक पहिल्यांदा वाचायचं ते मजेसाठीच. चित्रकलेचा छंद लावून घ्यायचा असेल तर तीच पट्टी दुसऱ्यांदा घ्या आणि कागदाच्या कपट्यांनी संवादाचे फुगे झाकून टाका. नुसत्या चेहऱ्यांवरून, हातांवरून काय चाललंय ते कळतं का बघा. शि. द. फडणीसांची कितीतरी हास्यचित्रं एका शब्दाशिवाय हसवतात. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तोंड उघडत नाही, पण चौकड्यांचा कोट आणि धोतर यांमुळे गर्दीतही सापडतो. तुमच्या पात्रालाही अशा दोन ठळक खुणा द्या. मग ते अंगठ्याच्या नखाएवढं काढून बघा. तरीही ओळखू आलं तर पात्र जमलं.

पहिली पट्टी चारच चौकटींची करा. सांगलीत पावसाळ्यात विषय आयता मिळतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, त्यामुळे पाऊस लागला की जो तो पाण्याचे फूट विचारत असतो. पहिल्या चौकटीत आजोबा फोनवर: "आयर्विनला किती?" दुसरीत पलीकडून उत्तर: "बत्तीस. निवांत ऱ्हावा की!" तिसरीत आजोबा बशीतून चहा पिताना. चौथीत तेच आजोबा, तीच बशी, पण नजर वर, कारण मांजर पिल्लांसकट माळ्यावर जाऊन बसलंय. शेवटच्या दोन चौकटींत एकही शब्द नको. "मांजराला कळलं बरं का!" असं लिहिलंत की विनोद तिथंच मेला.

ए-४ आकाराचा कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, आडवा ठेवा. ६५ मिमी रुंद आणि ९० मिमी उंच अशा चार चौकटी, मधे ४ मिमीची फट. दोन्ही बाजूंना साधारण सव्वा सेंटिमीटर समास उरतो. आखणी एचबी पेन्सिलीनं आणि हलक्या हातानं करा. दाबून आखलं की कागदाला चर पडते, मग खोडलं तरी शाई त्या चरीत उतरते.

नवशिक्यांची पट्टी हमखास बिघडते ती अक्षरांत. आधी फुगा काढायचा आणि मग त्यात शब्द कोंबायचे, ही मुळातली चूक. शिवाय इंग्रजी कॉमिक बघून ओळी आखल्या तर मराठीला जागा पुरत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणून चौकटीचा वरचा ३० ते ३५ मिमी भाग बोलण्यासाठी मोकळा ठेवा. अक्षर ४ मिमी उंच, वर ३ मिमी, खाली ३ मिमी. म्हणजे एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत १० मिमी. एवढी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीतला 'कु' खालच्या ओळीतल्या 'कि'च्या वेलांटीत अडकतो. आधी अक्षरं, मग शब्दागणिक तोडून शिरोरेषा आणि सर्वांत शेवटी भोवती फुगा. अशा दोन ओळींत चार-पाच शब्द मावतात. वाक्य त्याहून लांब होत असेल तर वाक्य कापा, अक्षर बारीक करू नका. अनुस्वाराचा ठिपका वेलांटीपासून जरा सुटा ठेवा, नाहीतर पट्टी मोबाइलवर लहान दिसताना दोन्ही मिळून काळा डाग होतो.

शाईसाठी न फुटणाऱ्या, वॉटरप्रूफ शाईची पेनं घ्या. चौकटीला ०.८ मिमी टोकाचं, अक्षरांना ०.५, आकृत्यांना ०.३. ०.१ नं काढलेल्या मिशा कागदावर छान दिसतात, चित्र लहान केलं की गायब. साधं स्केचपेन टाळा. ते कार्ट्रिजवर पसरतं आणि बारीक अक्षरांची पोटं भरून जातात. शाई डाव्या चौकटीपासून उजवीकडे लावत जा, डावखुऱ्यांनी उजवीकडून सुरुवात करावी, म्हणजे तळहात ओल्या रेषेवर येत नाही.

खोडायची घाई नको. उन्हाळ्यात २० मिनिटं पुरतात, पण पावसाळी हवेत कागद दमट होतो, शाई तासभरही ओली राहते आणि खोडरबरानं कागदाचे तंतू निघतात. समासात एक रेघ ओढून आधी तिच्यावर रबर फिरवून बघा. ती फिसकटली तर पट्टी तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खोडा. कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, जमिनीलगतच्या कप्प्यात नको.

स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करा. मोबाइलनं फोटो काढायचा असेल तर खिडकीशी, ट्यूबलाइट बंद करून आणि मोबाइल कागदाच्या बरोबर वर धरून; तिरका धरला की आजोबांची चौकट चौकोनी राहत नाही.