कळप वळणाऱ्या कुत्र्याला घराचे वळण

मेंढ्या राखणे आणि मेंढ्या वळणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांसाठी माणसाने दोन वेगळ्या स्वभावांचे कुत्रे घडवले आहेत. राखणारा कुत्रा कळपातच बसून असतो, तासन्‌तास काही करत नाही आणि लांडगा आला की उठतो. अनातोलियन शेफर्ड नावाने शेफर्ड असला तरी कामाने असा राखणदार आहे. बॉर्डर कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि कॉर्गी हे मात्र वळणारे कुत्रे आहेत. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर लक्ष ठेवायचे, ती भलतीकडे जाऊ लागली की तिला आडवे जायचे आणि हे धन्याच्या एका शब्दावर दिवसभर करत राहायचे, यासाठी ते घडलेले आहेत. असा कुत्रा घरी आणण्याचा विचार असेल, किंवा तो आधीच घरी आला असेल आणि घरातली सगळी माणसे दमून गेली असतील, तर पुढील मजकूर त्यांच्या उपयोगी पडेल.

प्रथम त्याचे वागणे कुठून येते ते समजून घ्यावे. लांडग्याची शिकार एका ठरावीक क्रमाने होते: भक्ष्य हेरणे, नजर रोखणे, दबकत पुढे सरकणे, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणे. मेंढपाळांनी पैदास करताना या क्रमातले सुरुवातीचे भाग पिढ्यानपिढ्या जोपासले आणि शेवटचे भाग दाबत आणले. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड परगण्यात १८९३ मध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प हा कुत्रा आरडाओरडा न करता, नजरेच्या आणि हालचालीच्या जोरावर मेंढ्या हलवत असे, आणि आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते. गुरांमागे राबणाऱ्या कॅटल डॉग आणि कॉर्गी यांच्या कामात तर गुराच्या टाचेला हलकेच तोंड लावणे हा कौशल्याचा भाग होता. म्हणून तुमचा कुत्रा धावणाऱ्या मुलाच्या टाचेला तोंड घालतो तेव्हा तो वात्रटपणा करत नसतो, आणि बहुतेक वेळा रागावलेलाही नसतो. त्याला मारून किंवा ओरडून हे जात नाही. उलट, मुले जवळ आली की आपल्याला मार बसतो, एवढेच तो शिकतो, आणि मग खरा चावा बसण्याचा धोका निर्माण होतो.

मुलांच्या बाबतीत घरातल्या मोठ्यांनी एक दृश्य नीट ओळखायला शिकले पाहिजे. कुत्रा कोपऱ्यात पडलेला आहे आणि मुले एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत आहेत. प्रथम त्याचे कान पुढे येतात. मग तोंड मिटते, चाललेली धाप थांबते, मान खांद्यांच्या रेषेखाली उतरते आणि पुढचा एक पाय अर्धवट उचललेला तसाच राहतो. भुंकणे नाही, गुरगुरणे नाही. घर अगदी शांत असते. तुमच्या हातात वेळ आहे तो एवढाच, दोन-तीन सेकंदांचा. याच क्षणी त्याचे नाव घ्यावे, खाऊ स्वतःच्या पायाशी ठेवावा आणि मुलांच्या विरुद्ध दिशेला चालू लागावे. एकदा तो सुटला की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, आणि मग वीस वेळा नाव ओरडल्याने त्याचे नावच निरर्थक होते.

म्हणून पहिले काही महिने मुले खेळत असताना कुत्र्याला घरातही हलका पट्टा लावून ठेवावा, किंवा मध्ये जाळीचे फाटक असावे. मुलांनाही एक गोष्ट पक्की शिकवावी: कुत्रा मागे लागला की किंचाळायचे नाही, पळायचे नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखे उभे राहायचे. हालचाल थांबली की त्याचे कामच संपते आणि बहुतेक कुत्रे काही क्षणांत दुसरीकडे वळतात. लहान मुलाला आणि कुत्र्याला मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत ठेवू नये. कुत्रा कितीही गरीब असला तरी या नियमाला अपवाद करू नये.

आता व्यायामाविषयी, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. 'हा कुत्रा उत्साही आहे, याला थकवला की शांत होईल' असे जो तो सांगतो. आम्हीही तेच ऐकले. आमच्याकडच्या बॉर्डर कोली कुत्रीला पहिले वर्षभर आम्ही सकाळ-संध्याकाळ तासभर चेंडू फेकत राहिलो. तिचा दम वाढत गेला, चेंडू आणखी लांब जाऊ लागला, आणि घरी आल्यावरही ती कपाटाच्या त्या खणासमोर, जिथे चेंडू ठेवलेला असे, नजर लावून बसू लागली. रात्री दार वाजले तरी उठून खणाकडेच जायची. आम्ही तिला थकवत नव्हतो, एखाद्या धावपटूला तयार करत होतो, आणि सोबत एक वेडही लावत होतो. चेंडू बंद केल्यावर पहिले दहा दिवस कठीण गेले. त्यानंतर मात्र ती दुपारी झोपू लागली.

या कुत्र्याला धावण्यापेक्षा काम हवे असते, आणि कामाइतकेच काम संपल्याचे निश्चित चिन्ह हवे असते. इंग्रजी बोलणारे मेंढपाळ मेंढ्या वाड्यात गेल्या की कुत्र्याला 'दॅट विल डू' म्हणतात, आणि कुत्रा कळपाकडे पाठ फिरवून धन्याकडे परततो. घरात याच जागी 'पुरे' हा शब्द उत्तम चालतो. तो शिकवताना सुरुवात अगदी सोप्या खेळापासून करावी. दोरीचे खेळणे घेऊन अर्धा मिनिट ओढाओढी करा. मग हात अंगाशी घट्ट धरून खेळणे निश्चल करा आणि शांत आवाजात एकदाच 'पुरे' म्हणा. खेळण्यात जीव उरला नाही की तो ते सोडतो. सोडताच खाऊ द्या, खेळणे पाठीमागे न्या आणि त्याला दोन-चार पावले आपल्याबरोबर चालवत दूर आणा. सुरुवातीला लगेच पुन्हा खेळ सुरू करा, म्हणजे 'पुरे' ऐकल्याने काही हिरावले जात नाही हे त्याला कळेल. आठवडाभरानंतर पाचातला एक खेळ खरोखरच 'पुरे'वर संपवा, मग दोन. हळूहळू हाच शब्द हुंगणे, खिडकीबाहेर पाहणे, मुलांभोवती घिरट्या घालणे यांसाठीही वापरता येतो. शब्द रागाने उच्चारू नये, कारण तो शिक्षेचा नव्हे, सुट्टीचा शब्द आहे.

विश्रांतीही शिकवावी लागते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. एक चटई किंवा जाड अंथरूण ठरवून घ्या. कुत्रा आपणहून त्यावर आला की काही न बोलता एक खाऊ दोन्ही पंजांच्या मध्ये ठेवा. बसला तर आणखी एक, आडवा झाला तर आणखी एक, आणि एका बाजूला कंबर टाकून सैल पडला तर दोन-तीन. पहिल्या दिवशी दोन मिनिटे पुरतात. नंतर त्याच वेळी घरात थोडी हालचाल करा: खुर्ची सरकवा, दार उघडा, मुलाला सावकाश चालत जायला सांगा आणि शेवटी पळायला. प्रौढ कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास सहज झोपतो आणि पिल्लाला अठरा ते वीस तास लागतात. संध्याकाळी वेड्यासारखे घरभर धावणारे, कपडे ओढणारे पिल्लू अनेकदा झोपेला आलेले असते; त्याला आणखी खेळवले की ते आणखी बिघडते.

डोक्याला काम देण्याच्या बाबतीत या कुत्र्यांची कुवत विलक्षण आहे. जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावे शिकवली आणि तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला हजार नावे नकोत. पाच खेळण्यांची नावे शिकवून ती दुसऱ्या खोलीतून आणायला लावली तरी पंधरा मिनिटांत त्याचे समाधान होते. जेवणातला थोडा भाग जुन्या टॉवेलवर पसरून टॉवेलाची गुंडाळी करा आणि त्याला नाकाने ती उलगडू द्या. घरात खाऊ लपवून शोधायला लावा. नाकाचे काम कुत्र्याला शांत करते, डोळ्यांचे काम पेटवते, असा माझा अनुभव आहे, आणि डोळ्यांनी काम करण्याची याला आधीच खोड आहे. शिकवणीचे धडे पाच मिनिटांपेक्षा लांबवू नयेत.

याच कारणासाठी लेझरचा ठिपका या कुत्र्यांसमोर कधीही फिरवू नये. जो हाती कधीच लागत नाही अशा प्रकाशामागे धावता धावता अनेक कुत्रे सावल्या, भिंतीवरचा कवडसा, घड्याळाच्या काचेची तिरीप यांच्यामागे तासन्‌तास लागतात, आणि हे वेड एकदा जडले की सुटायला फार वेळ लागतो. तशी चिन्हे दिसली तर वागणुकीचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याकडे लवकर जावे.

बाहेर खरा धोका वाहनांचा आहे. सायकल, मोटार, धावणारा माणूस हे सगळे त्याच्या लेखी कळपातून फुटलेले जनावर असते, आणि मोटारीला आडवे जाण्याचे धाडस त्याच्यात भरपूर असते. हाकेला परतण्याची सवय पक्की होईपर्यंत त्याला उघड्यावर मोकळे सोडू नये. छातीपट्ट्याला दहा मीटरची दोरी लावून फिरवावे. रस्त्यापासून इतक्या अंतरावर उभे राहावे की वाहन दिसेल, पण कुत्रा खाऊही घेईल. तो खाऊ घेईनासा झाला तर अंतर कमी पडते आहे असे समजावे आणि मागे सरकावे. वाहन दिसले की त्याने मान वळवून तुमच्याकडे पाहावे, इथपर्यंत आले की बरेच साधले. फिरण्यातला निम्मा वेळ त्याला मनसोक्त हुंगू द्यावे.

पिल्लू आणायचे असेल तर तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोलाचा असतो. त्यात वेगवेगळी माणसे, आवाज, पायऱ्या, फरशा, छत्र्या यांची सौम्य ओळख करून द्यावी. या जाती आवाजाला हळव्या असतात. लसीकरण पूर्ण होईपर्यंत उचलून घेऊन फिरवले तरी चालते. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष ते दीड वर्ष, उंच उड्या आणि सायकलीबरोबर धावणे टाळावे.

प्रकृतीबाबत दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. कोली (ही बॉर्डर कोलीहून वेगळी जात), ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेटलंड शीपडॉग यांच्यापैकी अनेकांत एमडीआर-१ या जनुकात दोष असतो; अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाची मोठी मात्रा किंवा माणसांच्या जुलाबावरचे लोपेरामाइड दिल्यास मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. बॉर्डर कोलीत हा दोष कमी आढळतो. चाचणी उपलब्ध आहे, आणि घरातले कोणतेही औषध पशुवैद्याला न विचारता देऊ नये. दुसरी गोष्ट अशी की मर्ल, म्हणजे करड्या ठिपक्यांच्या रंगाचे, दोन पालक एकत्र आणले तर प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून ते जनुक मिळण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते, आणि अशी पिल्ले अनेकदा बहिरी किंवा आंधळी जन्मतात; असा जोड लावणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. उन्हाळ्यात दुहेरी केसांचा कुत्रा भादरू नये, नियमित विंचरावा, आणि फिरणे पहाटे व रात्री ठेवावे, कारण तो दमला तरी खेळ आपणहून थांबवत नाही. धावताना मागचे पाय लटपटू लागले किंवा नजर हरवल्यासारखी झाली तर खेळ तिथेच थांबवून त्याला सावलीत न्यावे, पाण्याने ओले करावे आणि पशुवैद्याला दाखवावे.

घरातले सगळे दिवसभर बाहेर असतील आणि परतल्यावर कोणालाच तासभराचा वेळ नसेल, तर ही जात निवडू नये असे मी स्पष्ट सांगेन. मन याच जातीवर बसले असेल, तर पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचा, मुलांमध्ये राहिलेला कुत्रा शोधावा. त्याला भेटायला जाताना मुलांना बरोबर न्या, त्यांना अंगणात पळायला सांगा आणि त्याचे कान, तोंड आणि पुढचा पाय पाहत राहा.