पीएचपीत कॉन्स्टंट: ‘कॉन्स्ट’ कधी, ‘डिफाइन’ कधी

वेबसाइट बनवायच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत कॉन्स्टंट, म्हणजे एकदा ठरली की न बदलणारी, नाव दिलेली व्हॅल्यू, जाहीर करायचे दोन मार्ग आहेत: ‘कॉन्स्ट’ हा कीवर्ड आणि ‘डिफाइन’ हे फंक्शन. आमचं मत ठाम आहे. आधी ‘कॉन्स्ट’च वापरा, ते अडेल तिथेच ‘डिफाइन’ घ्या.

‘कॉन्स्ट’ची ओळ अशी: कीवर्ड, नाव, बरोबरचं चिन्ह, व्हॅल्यू, अर्धविराम. नावाआधी डॉलर लावायचा नाही. नाव कॅपिटल अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर, ही रूढ पद्धत. क्लासबाहेर हा कीवर्ड पीएचपीच्या ५.३ आवृत्तीपासून चालतो, पण फक्त फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर. ‘इफ’, लूप किंवा फंक्शनच्या आत लिहिलात तर पार्स एरर (कोड वाचतानाच येणारी चूक) येतो. व्हॅल्यूच्या जागी आकडे, मजकूर, अ‍ॅरे, दुसरे कॉन्स्टंट आणि त्यांची आकडेमोड चालते (अ‍ॅरे आणि आकडेमोड ५.६ पासून). फंक्शन कॉल मात्र चालत नाही.

म्हणूनच सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जमधून) पासवर्ड वाचायचा असेल किंवा अट तपासून व्हॅल्यू ठरवायची असेल, तर ‘डिफाइन’ला पर्याय नाही. ते साधं फंक्शन असल्यामुळे कुठेही बोलावता येतं. पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे नाव, ते अवतरणचिन्हांत हवंच. अवतरण विसरलं की पीएचपी त्या नावाचा कॉन्स्टंट शोधू लागतं. जुन्या आवृत्त्या अशा नावाला मजकूर समजून नुसती नोटीस किंवा वॉर्निंग देत आणि पुढे जात, ८.० पासून थेट एरर येतो. जुनी साइट नव्या आवृत्तीवर नेताच बंद पडली, तर ही शक्यता आधी तपासा. तिसऱ्या आर्ग्युमेंटने लहान-मोठी अक्षरं एकच धरायला लावायची सोयही ८.० मध्ये गेली.

नेमस्पेसमध्ये, म्हणजे कोडमधल्या नावांच्या वेगळ्या गटात, दोघांचं वागणं वेगळं. ‘कॉन्स्ट’ त्याच नेमस्पेसचा होतो. ‘डिफाइन’ ग्लोबल कॉन्स्टंट बनवतं. नेमस्पेसमध्येच हवा असेल तर नावात नेमस्पेसही लिहावा लागतो.

एखाद्या क्लासपुरता कॉन्स्टंट क्लासमध्येच ‘कॉन्स्ट’ने ठेवा. ७.१ पासून त्याला प्रायव्हेट करता येतं, ८.३ पासून टाइपही देता येतो. ऑर्डरची स्थिती ‘नवी, पाठवलेली, पोहोचलेली’ अशी ठरावीक असेल तर तीन सुटे कॉन्स्टंट करू नका, ८.१ मधला ‘इनम’ (ठरावीक पर्यायांचा टाइप) त्यासाठीच आहे, चुकीची स्थिती तो आतच येऊ देत नाही.

सर्वाधिक गोंधळ वर्डप्रेसच्या (पीएचपीत लिहिलेल्या, साइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिग फाइलमध्ये होतो. तिथे ‘डिफाइन’च वापरलेलं असतं. डीबग (चुका दाखवायची सोय) बंद करताना ‘फॉल्स’ अवतरणांत लिहिलं, तर तो रिकामा नसलेला मजकूर ठरतो, म्हणजे खराच, आणि डीबग चालू राहतं. फॉल्सला अवतरण नको. दुसरी चूक जागेची: सेटिंग्जची फाइल जोडणाऱ्या ओळीच्या खाली डीबगची ओळ टाकली तर उपयोग नाही. तोवर वर्डप्रेसने स्वतःची व्हॅल्यू ठरवलेली असते, आणि एकदा जाहीर झालेला कॉन्स्टंट दुसऱ्या ‘डिफाइन’ने बदलत नाही, फक्त वॉर्निंग येते. आपली ओळ त्या ओळीच्या वरच हवी. हीच ओळ आणखी कुठे असण्याची शक्यता वाटली, तर कॉन्स्टंट आधीच जाहीर झालाय का हे ‘डिफाइन्ड’ या फंक्शनने तपासा. इथेही नाव अवतरणांतच.