न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना फिट सोबत न्या

धाकट्या भावाला पहिल्यांदा न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा दोन गाड्या बदलून सहा तासांनी पोहोचलो. डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवात कुठल्या हातापासून होते?" मला सांगता येईना. फिट आली की मी त्याला सावरण्यात गुंतलेली असायचे. पुढच्या खेपेला मोबाइलमध्ये व्हिडिओ होता. त्यात आधी उजवा अंगठा उडताना दिसला, मग अख्खा हात. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि एमआरआय लिहून दिला.

म्हणून सांगते, व्हिडिओ काढाच. एकाने रुग्णाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही. दुसऱ्याने चेहरा आणि दोन्ही हात-पाय दिसतील असं लांबून चित्रण करायचं. मध्ये नावाने हाक मारा, ओ देतो का ते कळतं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबवू नका. तुम्ही एकटेच असाल तर आधी माणूस, फोन नंतर. घड्याळ बघा: फिट 5 मिनिटांहून लांबली तर तज्ज्ञाची वाट न पाहता जवळचं रुग्णालय गाठा.

कॅलेंडरवर प्रत्येक फिटची वेळ लिहा, गोळी चुकली असेल तर तेही. जुने कागद आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही न्या. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणजे अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार नाही, असं समजू नका.

न्यूरॉलॉजिस्टसमोरून उठण्याआधी आपल्या जवळच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागा: औषध कोणतं, डोस कसा वाढवायचा, पुन्हा फिट आली तर काय करायचं. खरे उपचार पुढे तेच चालवणार असतात. बहुतेकांच्या फिट योग्य औषधाने थांबतात, त्यासाठी दर महिन्याला शहर गाठावं लागत नाही. औषध आपल्याकडे मिळतं का, हेही तिथेच बोला. फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन स्वस्त आहेत, पण मध्येच संपली तर धोका मोठा. गोळ्या अचानक बंद झाल्या की न थांबणारी फिट येऊ शकते. पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात, नियमित घेऊनही फिट येतच असतील तर मात्र तज्ज्ञाकडे पाठवण्याचा आग्रह धरा. काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

आणि रुग्ण मुलगी किंवा तरुण बाई असेल, व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल, तर गरोदरपणाचं आधीच विचारा. त्या औषधाने बाळाला अपाय होऊ शकतो. स्वतःहून मात्र ते बंद करू नका.