श्रीलंकेला जाताना या चुका टाळा

श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे आहे, आणि तेथील फसलेल्या बहुतेक सहलींचे मूळ याच आकड्यात सापडते. एवढेसे बेट आठवड्याभरात सहज पाहून होईल असे गृहीत धरून सकाळी सिगिरिया, दुपारी कँडी आणि रात्री नुवारा एलिया असा बेत आखला जातो. प्रत्यक्षात कँडी ते नुवारा एलिया हे अंतर 80 किलोमीटरांच्या आतबाहेर असले तरी चहाच्या मळ्यांतून चढणाऱ्या त्या रस्त्याला अडीच ते तीन तास लागतात. वरंध किंवा आंबेनळी घाटातून गाडी नेलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटणार नाही. हाती आठ दिवस असतील, तर सिगिरिया-दांबुला परिसर, कँडी आणि डोंगरातील एखादे गाव असे तीनच मुक्काम ठेवावेत. समुद्रकिनारा हवाच असेल, तर दिवस वाढवावेत किंवा डोंगर सोडावा.

याहून महागात पडणारी चूक पावसाची आहे. तेथे पावसाळे दोन असतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम व दक्षिण किनारा आणि डोंगरांचे पश्चिमेकडील उतार भिजवतात, तर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्येकडून येणारे वारे पूर्व आणि उत्तर भागात पाऊस पाडतात. मधल्या डोंगररांगेमुळे एका बाजूला झड लागलेली असताना दुसरी बाजू कोरडी असते. आपल्याकडील शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत मिरिसासारख्या दक्षिण किनाऱ्यावरील हॉटेले स्वस्तात मिळतात आणि लोक त्यालाच भुलतात. पण तेव्हा तेथील समुद्र खवळू लागलेला असतो आणि देवमासे दाखवणाऱ्या बोटींचा भरवसा राहत नाही. मे महिन्यातच जायचे असेल, तर पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली किंवा पासिकुडा निवडावे. दिवाळीची सुट्टी दोन मोसमांच्या मधल्या काळात येते आणि त्या वेळी बेटाच्या बहुतेक भागांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस होऊ शकतो. आरक्षण आधीच झाले असेल, तर उघड्यावरची सर्व ठिकाणे सकाळी उरकावीत आणि दुपार संग्रहालयासाठी किंवा प्रवासासाठी ठेवावी.

सकाळचा हा नियम सिगिरियाला कोणत्याही ऋतूत लागू पडतो. पाचव्या शतकात राजा कश्यपाने वसवलेल्या या शैलदुर्गाला सुमारे 1,200 पायऱ्या आहेत, आणि वयस्कर आईवडिलांना घेऊन दहानंतर चढायला लागणारी कुटुंबे बहुधा वाटेतील सिंहाच्या भव्य पंजांच्या शिल्पापाशीच थांबतात. पहाटे दार उघडताच आत शिरावे. कड्यावर गांधीलमाशांची पोळी असल्यामुळे शांतता राखण्याच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. कपारीतील भित्तिचित्रांची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, पण अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाने तेथे नुसते उभे राहण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दांबुल्याची लेणी आणि बुद्धाचा दात जतन केलेले कँडीचे दंतमंदिर पाहताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. पिशवीत एक पातळ ओढणी किंवा लुंगी ठेवली की प्रश्न मिटतो. पायताण बाहेर काढावे लागते आणि भरदुपारी फरशी तापते, म्हणून जुने मोजे सोबत असावेत. सर्वांत गंभीर चूक म्हणजे बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी घेणे. मूर्तीचे चुंबन घेतानाच्या छायाचित्रांवरून 2012 मध्ये तीन फ्रेंच पर्यटकांना निलंबित कारावासाची शिक्षा झाली होती, तर 2014 मध्ये दंडावर बुद्धाचे गोंदण असलेल्या एका ब्रिटिश महिलेला देशाबाहेर पाठवण्यात आले. प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ ही सार्वजनिक सुट्टी असते; त्या दिवशी मद्यविक्री बंद असते आणि मंदिरांत गर्दी उसळते, म्हणून पंचांगावर नजर टाकूनच दिवस ठरवावेत.

कँडीहून एला या डोंगरातील गावाकडे जाणाऱ्या रेल्वेची आरक्षणे सुटताच संपतात आणि अनेकांचा हिरमोड होतो. अशा वेळी दलालाकडून चढ्या भावाने तिकीट घेऊ नये. आरक्षण नसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाची तिकिटे स्थानकावर मिळतात, आणि नुवारा एलियाजवळील नानू ओया स्थानकातून एल्यापर्यंतचा टप्पाच सर्वांत देखणा असल्याने तेवढा केला तरी चुकल्यासारखे वाटत नाही. पावसात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी अवश्य करावी.

हत्तींच्या बाबतीत मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानाचे नाव पाठ करून जाणारे डिसेंबरमध्ये निराश होतात. तलावाचे पाणी ओसरून काठावर कोवळे गवत उगवते तेव्हा, म्हणजे मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तेथे मोठे कळप जमतात. एरवी ते जवळच्या कौडुल्ला किंवा हुरुलु भागात असू शकतात, म्हणून त्या दिवशी कळप कोठे आहेत हे जीपचालकालाच विचारावे. हत्तीच्या पाठीवरची फेरी टाळावी. त्यापेक्षा उडावलवे येथील संगोपन केंद्रात अनाथ पिल्लांना दूध पाजताना लांबून पाहावे. ती पिल्ले पुढे जंगलात सोडली जातात.

शाकाहारी मंडळींची फसगत ताटात होते. ‘पोल सांबोल’ ही आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीची बहीण दिसते खरी, पण तिच्यात बहुधा ‘उंबलकड’ नावाच्या सुक्या माशाचा चुरा असतो, आणि कधी कधी भाजीतही तो घातलेला असतो. नुसते ‘व्हेज’ म्हटल्याने हा मासा वगळला जाईलच असे नाही. ‘मस् मालु एपा’, म्हणजे मांस-मासे नकोत, हे सिंहली शब्द पाठ करावेत आणि पाठोपाठ ‘उंबलकड एपा’ असेही स्पष्ट सांगावे. मग आपल्या शिरवाळ्यांची आठवण करून देणारे ‘इंदी आप्पा’ आणि नारळाच्या दुधातली डाळ निर्धास्तपणे खाता येते.