घुमटाचा गोबरगॅस गळू नये म्हणून

जमिनीखालचा पक्क्या घुमटाचा गोबरगॅस मूळचा चीनचा. आपल्याकडे त्यावरून १९८४ साली दीनबंधू मॉडेल आलं. नेपाळचं जीजीसी (गोबर गॅस कंपनी) २०४७ मॉडेल त्याच घराण्यातलं. २०४७ हे त्यांच्या विक्रम संवतातलं साल. मी कोल्हापूरकडचा गवंडी, दीनबंधूच बांधतो, पण शेजाऱ्यांच्या एक-दोन युक्त्या उचलण्यासारख्या आहेत.

आधी जनावरं मोजा. रोज २ घनमीटर गॅस हवा तर रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. दावणीला दोनच असतील तर १ घनमीटरचा बांधा. मोठा बांधून उपाशी कशाला ठेवायचा?

घुमटासाठी खड्ड्याच्या मधोमध गज ठोका, त्याला त्रिज्येएवढी दोरी बांधा. प्रत्येक वीट दोरीला लावूनच बसवायची. नजरेचा अंदाज इथं चालत नाही. नेपाळात घुमट विटांचा नसतो. मातीच्या ढिगाला घुमटाचा आकार देऊन त्यावर काँक्रीट घालतात आणि ते पक्कं झालं की आतली माती निकासाच्या तोंडातून उपसतात. कष्टाचं काम, पण सांधाच राहत नाही.

गळती बहुतेक आतल्या गिलाव्यातून होते. नेपाळी गवंडी शेवटच्या हातात सिमेंटमध्ये अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंग कालवतात. हे जरूर करा.

शेण आणि पाणी समसमान, काडीकचरा काढून. पहिला गॅस हवेत सोडा. त्यात हवा मिसळलेली असते, भडका उडेल. जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा दिसला की तिथं गळती. काडी ओढून गळती शोधणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.